मागच्या दाराचं एआरटी सेंटर : पाचपैकी चार तारे

आमचं एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं जिथे मिळतात ती खोली, ज्या हॉस्पिटलात आहे ते नकाशावर शोधलं तर शेकड्यांनी रिव्ह्यू सापडतात. पार्किंगवाला दादागिरी करतो. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टर देवमाणूस. एक्स-रेला अख्खी दुपार गेली. कँटीनचा चहा म्हणजे गरम पाणी. एकाने एक तारा देऊन फक्त 'मच्छर' एवढंच लिहिलंय. आमच्या खोलीबद्दल मात्र एक ओळ नाही. रोज तिथे एवढी माणसं येऊन जातात, त्यातली कितीतरी वर्षानुवर्षं येतायत, पण लिहायचं म्हटलं की वर स्वतःचं नाव आणि गॉगल लावलेला फोटो झळकतो. कोण लिहिणार?

म्हणून मी नावाशिवाय लिहितो. हॉस्पिटलचंही नाव देत नाही. दिलं तर कडुलिंबाखाली बसणाऱ्यांतला मी कुठला, हे ओळखायला तिथल्या लोकांना दोन मिनिटं लागणार नाहीत.

मी २४ चा. मेकॅनिकल डिप्लोमा केला, आता चाकणला कंपनीत आहे, तिन्ही शिफ्ट फिरतात. गाव मराठवाड्यात. २०२२ च्या शिवजयंतीला गावी गेलो होतो. चौकात मंडप, रक्तदान शिबिर, आणि फ्लेक्सवर 'प्रत्येक रक्तदात्यास स्टीलचा थर्मास'. मित्रांनी ओढलं, मी गेलो. रक्त दिलं, ग्लुकोज बिस्किटं खाल्ली, थर्मास घेऊन घरी आलो. आठवड्याभराने रक्तपेढीतून फोन : "एकदा समक्ष येऊन जाता का?" मला वाटलं रक्तदात्याचं कार्ड द्यायचं असेल. दिलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया अशी तपासणी होतेच होते, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

तो थर्मास अजून माझ्याकडे आहे. त्यातल्याच पाण्याने मी रोज गोळी घेतो. फेकून द्यायचं दोनदा ठरवलं, पण एक सांगतो, फुकटचा असून पाणी बारा तास गरम राहतं.

'कसं झालं?' याचं उत्तर या लिखाणात मिळणार नाही. सेंटर चांगलं की वाईट हे मोजायची माझी पहिली पट्टीच ती आहे : तिथे किती जणांनी विचारलं, कसं झालं? माझ्या जिल्ह्याच्या पहिल्या सेंटरमध्ये पाच जणांनी विचारलं. त्यातल्या दोघांना विचारायचं काही कारण होतं. बाकीच्या तिघांत एक जण तर झाडू मारत होता.

त्या पहिल्या सेंटरबद्दल थोडक्यात. आधी आयसीटीसीत पाठवलं. म्हणजे समुपदेशन आणि तपासणी, दोन्ही एकाच ठिकाणी. सही घेतली, रक्त घेतलं. तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात, तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. माझ्या तिन्ही जुळल्या. तिथली मुलगी चांगली होती, तिने पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवला होता. मी रिपोर्ट बघायच्या आधी ग्लास बघितला आणि तिथेच कळलं.

मग एआरटी. भिंतीवर हातभर अक्षरांत बोर्ड, लाल रिबीन, आणि मेन गेटपासून थेट दारापर्यंत बाण रंगवलेले. केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या दोनशे लोकांना दिसतं, बाणाच्या मागे कोण चाललंय ते. आणि आत क्लार्क पुकारायचा ते पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शेवटी गाव. माझं नाव पुकारलं तेव्हा शेजारच्या गावचा एक माणूस बाकावर होता. तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. तोही त्याच कामाला आला होता, तेव्हा मी त्याला जेवढा घाबरलो तेवढाच तो मला घाबरला असणार, हे माझ्या डोक्यात शिरायला सहा महिने गेले.

तिथे एक चूक माझीही झाली, ती नव्याने जाणाऱ्यांनी करू नये. फॉर्मवर मोबाइल नंबर विचारला, मी सवयीने घरचा दिला. रेशन कार्डापासून गॅसपर्यंत सगळीकडे आईचाच नंबर आहे. दुसऱ्या महिन्यात तारीख चुकली. तारीख चुकली की फोन येतो, कारण अशी सुटलेली माणसं शोधून आणणं हे त्यांचं कामच आहे. फोन आईने घेतला. पलीकडच्याने फक्त "सिव्हिलमधून बोलतोय, त्याचा रिपोर्ट न्यायचा राहिलाय" एवढंच सांगितलं, हे माझं नशीब. आई मला म्हणाली, "कसला रे रिपोर्ट?" मी म्हणालो, कंपनीचं मेडिकल. तिथून खोट्याला सुरुवात झाली. नंबर द्यायचा तर स्वतःच्या खिशातल्या मोबाइलचाच द्या.

सेंटर बदलता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच विचारलं. नोकरी दुसरीकडे आहे म्हटल्यावर 'ट्रान्सफर आउट'चा कागद अर्ध्या तासात हातात. सगळ्यांची नोंद एकाच सरकारी प्रणालीत असते, तिचं नाव 'सोच'. तिचं सर्व्हर ज्या दिवशी बंद असतं त्या दिवशी सगळेच सोचत बसतात. कित्येक जण ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यातलं सेंटर धरतात, दीडशे किलोमीटर जातात. एसटीच्या साध्या गाडीत आम्हाला मोफत प्रवासाची सवलत आहे. मी ती आजवर एकदाही घेतली नाही. कार्ड कंडक्टर वाचणार, मग खिडकीकडचा वाचणार. गावाला मी तिकीट काढून जातो.

आता ज्याचा रिव्ह्यू आहे ते.

चाकणहून दोन बस बदलून जावं लागतं. मेन गेटने न जाता मागच्या बाजूने, जिथे धोब्याच्या चादरी वाळत असतात, तिथून आत जायचं. जुनी बैठी इमारत, पुढे कडुलिंब, त्याला सिमेंटचा पार. बोर्ड आहे, पण दाराच्या वर, वहीएवढा. कुणी ही जागा विचार करून निवडली, की दुसरी मिळाली नाही म्हणून इथे टाकलं, कुणास ठाऊक. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक सेंटरला असलं एक मागचं दार द्यावं, असं माझं मत आहे. "लपायचं कशाला, ताठ मानेने पुढच्या दाराने या," असं एका कार्यक्रमात भाषणात ऐकलं होतं. बोलणारे पाहुणे गाडीने आले होते आणि गाडीने गेले.

नावाने पुकारत नाहीत. प्लास्टिकचं टोकन देतात, बँकेत पूर्वी मिळायचं तसं. टोकन घेतलं की वजनकाटा, मग एक सिस्टर चार प्रश्न विचारते : खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घाम येतो का? टीबीसाठी विचारतात, दर वेळी, दर माणसाला. आपल्याकडे एचआयव्हीच्या माणसाला खरा धोका टीबीचा, म्हणून. मी आता खुर्चीत बसता बसताच "नाही, नाही, नाही, नाही" म्हणतो. सिस्टर म्हणते, "मला विचारू तर दे की रे." आणि चारही प्रश्न पुन्हा विचारते. एकदाही तिने न विचारता टिक मारली नाही.

पहिल्या भेटीत समुपदेशक मॅडमनी दार लावून घेतलं आणि एकदाच विचारलं, लागण कशातून झाली असावी असं वाटतं, आणि का विचारतेय तेही सांगितलं : आणखी कुणाला तपासायला बोलवायची गरज आहे का, ते बघायचं होतं. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, पान उलटलं. त्यानंतर तीन वर्षांत तो विषय त्यांच्या तोंडून निघाला नाही.

मग त्यांनी ड्यूटीचं विचारलं. मी म्हटलं, एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी. त्यांनी कागदावर तिन्ही शिफ्टचे चौकोन काढले. जेवणाच्या सुट्ट्या, बस किती वाजता, झोप किती वाजता. पेनाने चाचपडत चाचपडत एक वेळ शोधली जी तिन्ही आठवड्यांत जमते : रात्री साडेनऊ. पहिल्या पाळीत खोलीवर, दुसऱ्या पाळीत जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये, रात्रपाळीत कंपनीच्या बसची वाट बघताना. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. मोबाइलवर साडेनऊचा गजर आहे, त्याला नाव दिलंय 'चावी घे'. रूमवरचा पोरगा म्हणतो, तुझी चावी रोजच कशी हरवते?

मी शेवटी तोंड उघडून विचारलं, "मॅडम, मी किती वर्षं...?" वाक्य पुरं झालं नाही.

त्या म्हणाल्या, "पीएफ कापतात का तुझा?"

"हो."

"मग तो मधेच काढू नकोस. म्हातारपणी लागेल."

एवढंच बोलल्या आणि पुढचं टोकन बोलावलं. मी बाहेर पारावर येऊन बसलो आणि पंधरा दिवसांनंतर पहिल्यांदा भूक लागली. कँटीनचा वडापाव दोन खाल्ले. चहाबद्दल लोक लिहितात ते खरं आहे.

पाराबद्दल लिहायलाच हवं. तिथे टोकनची वाट बघत दीड-दोन तास जातात, आणि जे काही शिकलो त्यातलं निम्मं तिथेच शिकलो. एक मावशी असतात, साठीच्या. नवऱ्यामागे वीस वर्षं एकटीने काढली, दोन मुली लग्न करून दिल्या. गाल एकदम आत गेलेले. मी आपला चोरून बघायचो, वाटायचं, हा रोग शेवटी असा दिसतो. त्यांना ते कळलं असणार. एक दिवस आपणच म्हणाल्या, "हे रोगानं न्हाई बाबा, हे त्या येळच्या गोळीनं." सरकारने मोफत औषध १ एप्रिल २००४ पासून द्यायला सुरुवात केली, तेव्हा मोजक्याच मोठ्या हॉस्पिटलांत मिळायचं आणि त्यात स्टॅव्युडिन नावाचं औषध असायचं. त्याने गालाची, हातापायाची चरबी झडायची, तळपायाची आग व्हायची. पुढे ते बंद केलं. आणि तेव्हा सीडीफोर २०० च्या खाली उतरल्याशिवाय औषध सुरूच करत नसत. सीडीफोर म्हणजे शरीराच्या शिपायांची मोजदाद, मावशींच्या भाषेत 'शिपाई'. "मरायला टेकल्यावर गोळी द्याची," मावशी म्हणाल्या. "तू नशिबाचा. लगेच मिळाली तुला." २०१७ पासून नियम बदलला, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडीफोर कितीही असो, औषध सुरू. माझे शिपाई पहिल्या दिवशी ४१२ होते. मावशींचे सुरुवातीला ६० होते. त्या हे आकडे सोसायटीच्या कर्जासारखे तोंडपाठ सांगतात.

औषधाबद्दल. रोज एक गोळी, बस. त्या एका गोळीत तीन औषधं : टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३००, डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. सेंटरवर सगळे टीएलडी म्हणतात. पांढरी, लांबट, पहिल्या दिवशी घशात अडकेल असं वाटतं, आठव्या दिवशी बिनपाण्याची जाईल इतकी सवय होते. (जाऊ देऊ नका, पाणी प्या.) मला पहिले दहा-बारा दिवस डोकं जड आणि विचित्र झोप, नंतर काही नाही. हो, वजन वाढलं, सहा किलो. या औषधाने बऱ्याच जणांचं वाढतं. दिवाळीला घरी गेलो तर आईने गालावरून हात फिरवला आणि शेजारणीला सांगितलं, "कंपनीचं जेवण मानवलंय त्याला."

गोळ्या प्लास्टिकच्या डबीत येतात, तीस. या डबीचा आवाज! बॅग उचलली की खुळखुळ्यासारखा. पहिल्या महिन्यात बसमध्ये मी बॅग लेकरासारखी मांडीवर धरून बसायचो. पारावरच्या एका कॉलेजच्या पोराने उपाय सांगितला : वर कापूस भर. मेडिकलमधून पाच रुपयांचा कापूस घ्यायचा, गच्च दाबायचा, आवाज बंद. पोरगा जन्मापासून पॉझिटिव्ह आहे, त्याला असल्या युक्त्या शंभर येतात. ग्रीन बुक, म्हणजे ज्यावर आपली सगळी नोंद असते ते हिरवं पुस्तक, त्याला खाकी कव्हर घालायचं हेही त्यानेच सांगितलं. माझ्या कव्हरवरच्या लेबलवर 'बाइक सर्व्हिसिंग' लिहिलंय. शेवटची सर्व्हिसिंग, पुढची तारीख, सगळं जुळतं.

फार्मसीच्या खिडकीतले सर हे या सेंटरचं खरं सोनं. कमी बोलतात, गोळ्या मोजून घेतात, मोजून देतात. डबी परत आणायला लावतात, किती उरल्या ते बघतात. उरायला हव्यात त्यापेक्षा दोन जास्त उरल्या की चष्म्यावरून बघतात. ओरडत नाहीत, नुसतं बघतात, आणि ते पुरतं. रात्रपाळीत मला पित्त व्हायला लागलं, मी मेडिकलवरून ती गुलाबी पातळ औषधाची बाटली आणून साडेनऊलाच गोळीबरोबर घोट मारत होतो. सरांनी एकदा सहज विचारलं, "पित्ताचं, कॅल्शियमचं, लोहाचं काही चालू आहे?" मी सांगितलं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझं पुस्तक परत घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : अँटासिड गोळीनंतर २ तासांनी, किंवा अँटासिड घेतलं असेल तर त्यानंतर ६ तासांनी गोळी. एकत्र घेतलं तर डोल्युटेग्रॅव्हिर नीट अंगी लागत नाही, बरंचसं असंच बाहेर जातं. तीन आठवडे मी गोळी घेत होतो आणि वाया घालवत होतो. ज्यांच्या घरी कुणी प्रेमाने कॅल्शियमच्या गोळ्या देतं त्यांनी हे विचारून घ्या.

आता तक्रारी. तीन आहेत, एक लहान, एक मधली, एक मोठी.

लहान : पाण्याचा कूलर. तीन वर्षांत तो चालू असलेला मी दोनदा बघितला. गोळ्या देणाऱ्या जागी प्यायला पाणी नसावं, हे मला पटत नाही.

मधली : वेळ. सकाळी नऊला उघडतं, दुपारी दोनपर्यंत, रविवारी बंद. कामावर जाणाऱ्या माणसाने काय करायचं? पहिली दीड वर्षं मला दर महिन्याला जावं लागलं. २०२२ च्या मधल्या महिन्यांत औषधांची चणचण झाली, दिल्लीत नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, ऑफिसबाहेर आपली माणसं धरणं धरून बसली होती, तेव्हा तर मला दहा-दहाच गोळ्या मिळाल्या, म्हणजे महिन्यात तीन खेपा. दर वेळी अर्धा दिवस रजा आणि दर वेळी कारण. मी सुपरवायझरला दाढेचं कारण सांगायचो. दाढ किडलीय, दाढ भरायचीय, दाढेची पट्टी बदलायचीय. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "तुझ्या तोंडात दाढा किती आहेत रे?" आता तब्येत स्थिर म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, तेव्हा सुटलो. ही सोय आहे हेही मावशींकडून कळलं. आपणहून कुणी सांगितलं नाही, विचारावं लागलं.

आणि मग खरोखर दाढ दुखायला लागली. असा न्याय असतो. दातांच्या एका खाजगी डॉक्टरकडे गेलो. फॉर्मवर 'इतर आजार' अशी ओळ होती, मी खरं लिहिलं. रिसेप्शनवरची मुलगी आत गेली, बाहेर आली, म्हणाली, सरांना आज वेळ नाही. उद्या? उद्याही नाही. पुढच्या आठवड्यात सगळ्यात शेवटी या, आणि 'किटचे' वेगळे दोन हजार. मी पायऱ्या उतरून खाली आलो आणि गाल धरून मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलं की यासाठी २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, नोकरीवरून काढता येत नाही, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि दुसऱ्याला सांगताही येत नाही. तक्रारीसाठी राज्याला लोकपालही नेमलेला असतो. मग विचारलं, "तक्रार करायचीय की दाढ काढायचीय?" मी म्हटलं, दाढ. त्यांनी त्याच हॉस्पिटलच्या डेंटलला चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत दाढ बाहेर, तेच हातमोजे, तोच मास्क जो सगळ्यांना असतो. तक्रार मी केली नाही. करायला हवी होती असं आता वाटतं, पण तेव्हा दाढच जिंकली.

मोठी तक्रार लिहिताना अजून राग येतो.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड झाला, म्हणजे रक्तात विषाणू किती ते. नमुना बाहेर जातो, रिपोर्ट यायला दिवस लागतात. आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. डॉक्टर म्हणाले, "छान. चालू ठेव." मी चालू ठेवलं. या तीन शब्दांचा अर्थ काय, हे पुढच्या आठ महिन्यांत मला कुणी सांगितलं नाही. एका रात्री रात्रपाळीत मशिन बंद पडली होती म्हणून मोबाइलवर वाचत बसलो तेव्हा कळलं : रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. 'कमी होते' असं नाही. होत नाही. मोठमोठ्या अभ्यासांत हजारो जोडप्यांवर बघितलेलं, जगभर मान्य झालेलं.

मी दोनदा वाचलं, मग १०९७ ला फोन लावला, ती एड्सची सरकारी हेल्पलाइन, फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडच्या ताईंना मराठीत विचारलं, हे खरं आहे का. त्या म्हणाल्या, खरं आहे, फक्त गोळी सुटता कामा नये, आणि बाकीच्या गुप्तरोगांसाठी निरोध लागतोच.

त्या आठ महिन्यांच्या आत मी एका मुलीला काहीही न सांगता तोडून टाकलं होतं. कॉलेजपासूनची. नंबर ब्लॉक केला, खोली बदलली. मला वाटलं मी तिला वाचवतोय. तिचं पुढच्या मे महिन्यात लग्न झालं.

पुढच्या तारखेला मी डॉक्टरांना विचारलं, हे मला सांगितलं का नाही? ते चिडले नाहीत, थकलेले वाटले. म्हणाले, "तुम्ही तरुण पोरं. एवढं सांगितलं की निम्मे बिनधास्त होतात, गोळ्या सोडतात." मी म्हटलं, सर, मी दुसऱ्याच टोकाला बिनधास्त झालो होतो. गोळ्या सोडाव्यात असं मला वाटलं ते तेव्हाच, जेव्हा सगळं संपलंय असं समजत होतो. ते काही बोलले नाहीत. मॅडम म्हणाल्या, "चुकलं आमचं." आता आतल्या दारामागे मराठीत एक कागद लावलाय, हाताने लिहिलेला, मोठ्या अक्षरांत : विषाणू सापडत नाही, म्हणजे जोडीदाराला लागत नाही. अक्षर मॅडमचं आहे. पण एक तारा त्याचाच कापलाय, आणि तो परत देणार नाही.

त्याच भिंतीवर पॉझिटिव्ह मुलामुलींच्या वधू-वर मेळाव्याचाही कागद असतो. मी एकदा तो वाचत उभा होतो तर मागून मॅडम म्हणाल्या, "वाच, वाच. घाई नाही." रक्तदान मात्र कायमचं बंद, विषाणू सापडो न सापडो. दर शिवजयंतीला मित्र ओढतात, मी सांगतो हिमोग्लोबिन कमी आहे. सहा किलो वाढलेल्या माणसाचं.

घरी अजून फक्त ताईला माहीत आहे. तेही सेंटरमुळेच. सांगायचं कसं हे मॅडमनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, त्या ताई झाल्या आणि मी मी. तालमीत त्या रडल्या, ओरडल्या, "आईला कळलं तर?" म्हणाल्या. खऱ्या ताईने यातलं काहीच केलं नाही. तिने डबी हातात घेतली, हलवली, आवाज आला नाही तेव्हा उघडून कापूस बघितला. "हा कापूस कशाला?" मी सांगितलं. मग रडली. आता दर रविवारी फोनवर विचारते, "कापूस आहे ना?"

तर, पाचपैकी चार. पहिल्यांदा जाणार असाल तर आधार कार्ड, दोन फोटो, स्वतःचा मोबाइल नंबर, घरून भरलेली पाण्याची बाटली घेऊन जा. सोमवारी जाऊ नका, रविवारची गर्दी सोमवारी येते. बुधवार बरा. पहिल्या दिवशी तपासण्यांतच दिवस जातो, रक्त, एक्स-रे, सगळं, तेव्हा खाऊन निघा. पारावर मावशी दिसल्या तर शेजारी बसा. त्या आधी तुमचं गाव विचारतील, खोटं सांगितलंत तरी चालेल, त्यांना सवय आहे.

माझी पुढची तारीख १८ ला आहे. पहिली पाळी आलीय, म्हणजे रजा टाकावी लागणार. कारण अजून सुचलेलं नाही. दाढा संपल्या.